एकत्र कुटुंब, नवं वायफाय आणि घरातली पोरं: तुम्ही कसं सांभाळताय?

फुलेवाडीची
नमस्कार मंडळी. नुकतंच घरात फायबरचं कनेक्शन आलंय. घर एकत्र: साबा (सासूबाई), साबु (सासरेबुवा), दीर-जाऊ, आम्ही दोघं. पोरं दोन, माझा धाकटा तिसरीत आणि पुतणी नववीत. आधी प्रत्येकाचा दिवसाचा डेटा संपायचा आणि विषय तिथंच मिटायचा. आता नेट संपतच नाही.

धाकट्याच्या टॅबवर नवऱ्यानं फॅमिली लिंक (पालकांनी वेळ ठरवायचं गूगलचं ॲप) लावलंय. ठरलेली वेळ झाली की टॅब लॉक. मग गडी टॅब ठेवतो आणि सरळ आजोबांच्या शेजारी जाऊन बसतो. साबुंच्या फोनला लॉक नाही. लावलं होतं, पण ते पॅटर्न विसरतात आणि भर दुपारी कुणाला तरी कामावरनं बोलावून घेतात. साबु बघणार काय, तर मैदानातल्या कुस्त्या आणि कीर्तन. परवा मला म्हणतात, "सूनबाई, ह्या फोनला काय झालंय? खासबागेतली कुस्ती लावली की खाली ते दात विचकणारं बाहुलं येतंय." नातू तिथं काय काय बघून गेला असेल ते त्या बाहुल्यावरनं कळलं.

पुतणीचा प्रश्न वेगळा. तिला क्लाससाठी फोन दिलाय, त्यावर इन्स्टा आहे. जाऊबाई म्हणतात रोज रात्री फोन तपासायचा, दीर म्हणतात पोरीवर विश्वास ठेव. दोघंही मला मधे ओढतात.

तर वायफायलाच काही लावता येतं का? आणि म्हाताऱ्या माणसांच्या फोनचं तुम्ही काय करता? "मुलांशी संवाद साधा" हे शाळेतल्या कार्यक्रमात ऐकून झालंय, प्रत्यक्ष काय करता ते लिहा.

तिकटीवरचा
पैला प्रतिसाद माझा! बाहुलं वाचून लई हसलो. आमच्यात उलटं झालंय, पोराच्या यूट्यूबवर शेळीपालन येतंय कारण बाबा त्याचा टॅब घेऊन बसतात.
खरं उत्तर राऊटरदादा देतील, ते येईपर्यंत बसतो इथंच.

राऊटर_रिपेअर
आलो. नेटवर्किंग हाच धंदा, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत केबल ओढत असतो.

वायफायला लावता येतं. आपण साइटचं नाव टाकलं की ते आधी डीएनएस सर्व्हरकडं जातं, तो आकडी पत्ता देतो, मग साइट उघडते. हा सर्व्हर सहसा नेट कंपनीचा असतो, पण बदलता येतो. क्लाउडफ्लेअरचा घरगुती वापरासाठी फुकट डीएनएस आहे: १.१.१.३ आणि जोडीला १.०.०.३. अश्लील किंवा व्हायरस पसरवणाऱ्या साइटचं नाव विचारलं की हा पत्ताच देत नाही. क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर आणखी कडक: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तो गूगलचा सेफ सर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोडही (भडक व्हिडिओ गाळणारा) चालू करून ठेवतो. दोन्हीतलं एक निवडा, मिसळू नका.

राऊटरचं पान बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ ला उघडतं. पासवर्ड राऊटरच्या बुडाला स्टिकरवर असतो. तो स्टिकर पोरांनाही वाचता येतो, म्हणून आत गेल्या गेल्या पहिला पासवर्ड बदला. काही राऊटरमध्ये कंपनी डीएनएस बदलू देत नाही. कनेक्शन जोडून गेलेल्या पोराला फोन करून विचारा, त्याला माहीत असतं.

मोबाईल डेटावर गेलं की राऊटरचं राज्य संपलं. त्यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंगात 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथं आकडे चालत नाहीत, नाव टाकायचं: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम. वायफाय असो की डेटा, दोन्हीवर लागू. साबुंच्या फोनला हे नक्की करा, त्यांना काहीच लक्षात ठेवावं लागत नाही.

आता ह्याला काय जमत नाही ते. साइटचं नाव एवढंच त्याला दिसतं. यूट्यूबच्या आत कुठला व्हिडिओ, इन्स्टाच्या आत कुणाचा मेसेज, यातलं ओ की ठो कळत नाही. ते बाहुलं ह्यानं जाणार नाही. आणि नववीतल्या पोरीला व्हीपीएन, म्हणजे असे अडथळे चुकवून आडवाटेनं नेट वापरायचं ॲप, ठाऊक असतं. धाकट्याच्या हातून चुकून काही उघडू नये म्हणून उत्तम, मुद्दाम शोधणाऱ्याला किरकोळ अडथळा.

ता.क. हे घरातल्या सगळ्यांनाच लागू होतं. दिरांना आधी सांगून ठेवा ;)

फुलेवाडीची
दादा, ता.क. साठी विशेष आभार. :)) राऊटरचं आज रात्री नवऱ्याला बसवते.

अनघा_राजारामपुरी
राऊटरचं सगळे लिहितात, आजी-आजोबांच्या फोनचं कुणी लिहीत नाही म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडं दिवसभर लेक सासूबाईंपाशी असते.

पहिलं लॉक. पॅटर्न लक्षात राहत नाही म्हणून बोटाचा ठसा घ्यायला गेलो तर लागेना. आयुष्यभर शेण-माती, भांडी, चूल. रेशनच्या मशिनला अंगठा लागत नाही तिथं फोनला काय लागणार? दोन्ही हातांची बोटं एकेक करून बघितली. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीचा ठसा घेतला फोननं. आता सासूबाई फोन उजव्या हातात धरून करंगळी टेकवतात, आणि बायकांत सांगतात की माझा फोन माझ्याशिवाय उघडत नाही. तो अभिमान फार कामाचा ठरला, कारण आता त्या स्वतःच फोन देत नाहीत.

लेक हुशार. दुपारी आजी झोपली की करंगळी धरून फोन उघडायची. म्हणून दुसरं, ॲप पिन. सेटिंगात सिक्युरिटीमध्ये 'ॲप पिनिंग' असतं. मुलाच्या हातात फोन देताना समोरचं ॲप पिन करायचं. लॉक उघडल्याशिवाय त्यातनं बाहेर पडता येत नाही. म्हणजे गोष्ट बघायला फोन घेतला तर गोष्टच दिसणार, व्हॉट्सॲप नाही, पैशाचं ॲप नाही. सासूबाईंना हे शिकवायला वेळ लागला, आता सराव झालाय.

तिसरं बाहुल्याबद्दल. यूट्यूबच्या सेटिंगात जाऊन आजोबांची हिस्टरी पुसा, शिफारशी बऱ्याच ताळ्यावर येतात. त्याच फोनवर मुलासाठी वेगळं यूट्यूब किड्स टाका. त्यात 'पालकांनी निवडलेलंच दाखवा' असं करता येतं. तिसरीतला मुलगा "हे बाळांचं आहे" म्हणणार. तेव्हा त्याच्या स्वतःच्या खात्याला साध्या यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीखाली ठेवा, तिथं ९ वर्षांच्या पुढच्यांसाठी एक पायरी आहे, १३ च्या पुढच्यांसाठी वेगळी. मात्र हे त्याच्या खात्यापुरतं, आजोबांच्या खात्यावर शिरला तर परत कुस्ती आणि बाहुलं एकत्र.

तिकटीवरचा
करंगळी!! नाद खुळा.

निवृत्त_बापू
मी आजोबा आहे, म्हणून माझंही ऐका. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. आमचा फोन म्हणजे घरातलं भगदाड, असा सूर आहे. असेल. पण तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडता, पोरगं शाळेतून आल्यापासून तुम्ही येईपर्यंत आमच्यापाशी. माझे गुडघे गेलेत, त्याच्यामागं मैदानावर पळणं होत नाही. फोन दिला की ते एका जागी बसतं आणि आम्हीही बसतो. संध्याकाळी तुम्ही आला की, "बाबा, त्याला फोन का दिला?"

आमच्या सुनेनं वेगळं केलं. एका रविवारी मला समोर बसवलं, काय दाखवायचं आणि काय नाही ते सांगितलं, आणि मुख्य म्हणजे "नाही" म्हणायचा अधिकार मला दिला. नातू रडत तिच्याकडं गेला तर ती म्हणते, आजोबांनी नाही म्हटलं ना, मग नाही. त्याआधी मी नाही म्हणायचो आणि त्याला तीच फोन द्यायची, मग मी कशाला वाईट होऊ? शिवाय कामावर जाताना ती मला काहीतरी काम लावून जाते: आज ह्याच्याबरोबर बुद्धिबळ, उद्या ह्याला सायकलची साखळी बसवायला शिकवा. ते नसेल तर फोनच उरतो.

लॉक लावा, हरकत नाही. पण लावून गुपचूप निघून जाऊ नका. आम्हाला सांगा काय लावलंय.

अनघा_राजारामपुरी
बापूकाका, +१००. विशेषतः "नाही म्हणायचा अधिकार".

गुळाची_ढेप
पैशाचं कुणी लिहिलं नाही. आमच्या भाच्यानं आत्याच्या फोनवरनं एका गेममध्ये बंदुकीचे रंग आणि कपडे विकत घेतले. आत्याचा यूपीआय पिन जन्मसाल होता. घरातल्या कुठल्या पोराला जन्मसाल माहीत नसतं?

करायच्या गोष्टी: पिन बदला आणि पोरांसमोर टाकू नका. प्ले स्टोअरच्या सेटिंगात प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायला लावा. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' म्हणून यादी असते ती उघडून बघा, एकदा हो म्हटलेलं तिथं दरमहा कापत राहतं. म्हाताऱ्यांचं पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नका, थोडे पैसे असलेलं वेगळं खातं जोडा.

पैसे लावून जिंकायचे गेम २०२५ च्या कायद्यानं बंद झाले. गेमच्या आतली खरेदी हे वेगळं प्रकरण, ती चालूच आहे.

सांगलीकर_पावणा
आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ ला गावानं ठरवलं, रोज संध्याकाळी सातला मंदिरावर भोंगा वाजणार, त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठे गप्पा मारतात. बातम्यांत खूप आलं होतं. तुमच्या गल्लीत करून बघा.

तिकटीवरचा
आमच्या गल्लीत सातला भोंगा वाजला तर लोक तालमीसमोर जमतील, फुटबॉलची कुठली टीम जिंकली म्हणून.

गुळाची_ढेप
गल्लीचं राहू दे. भोंग्याची गंमत अशी की तो सगळ्यांना लागू आहे. घरातला बाप रीळ बघत बसलाय आणि पोराला म्हणतोय फोन ठेव, हे आमच्याकडं चाललं नाही.

स्पष्ट_बोलतो
नववीतल्या पोरीला फोनच कशाला? आम्ही फोनशिवाय शिकलो. ऑस्ट्रेलियानं १६ च्या खाली सोशल मीडिया बंद केलाय १० डिसेंबर २०२५ पासून. तिकडं सरकारला कळतं, आपल्याला कळत नाही.

राऊटर_रिपेअर
तिकडची बंदी ॲपवाल्या कंपन्यांवर आहे. दंड त्यांना, पोरांना किंवा आईबापाला नाही. आणि खातं नसताना यूट्यूब बघता येतंच. आपल्याकडं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ च्या खालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई करतो. कागदावर आपला नियम वयाच्या बाबतीत कडक आहे. घरात तो आणायचा तर कुणाला तरी सेटिंग उघडावंच लागणार.

क्लासचं वेळापत्रक, गृहपाठ, परीक्षेची सूचना सगळं ग्रुपवर येतं. "फोनच कशाला" म्हणणाऱ्यानं एकदा शाळेला फोन लावून विचारावं.

निनावी_१९
मी कॉलेजला आहे. पुतणीच्या बाजूनं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

(हो, मी मुलगी आहे आणि "लिहितो"च म्हणतो, मंगळवार पेठेत वाढलोय.)

माझी आई रोज फोन तपासायची. त्यानं काय झालं? मी दुसरं खातं काढलं. वर्गात निम्म्या पोरींची दोन खाती होती, एक घरच्यांना दाखवायचं, एक खरं. घरच्या खात्यावर गणपती आणि रंकाळा, बाकी सगळं दुसरीकडं. आई रोज तपासून निर्धास्त झोपायची. म्हणजे तपासणीनं तिला खोटी शांती मिळाली आणि मला लपवायची सवय लागली.

पुढं एका पोरीचा चेहरा एआयनं दुसऱ्याच फोटोला चिकटवून कुणीतरी तिला धमकावलं. ती घरी बोलली नाही. धमकीला ती घाबरलीच होती, पण त्याहून जास्त "फोन काढून घेतील आणि दुसरं खातं उघडं पडेल" याला. फोन जाणार नाही अशी खात्री असती तर पहिल्याच दिवशी बोलली असती.

काकू, दोन गोष्टी करा. एक, पुतणीनं इन्स्टाला जन्मतारीख काय टाकलीय ते तिच्यासोबत बसून बघा. खरी असेल तर ते टीन अकाउंट असतं: आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, आणि १६ च्या खाली हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण आमच्या वर्गात सगळ्यांनी वय वाढवून टाकलं होतं. वय खोटं असेल तर यातलं बरंचसं मिळत नाही.

दोन, त्यात पालकांसाठी देखरेख जोडता येते. गेल्या सात दिवसांत ती कुणाकुणाशी बोलली त्यांची नावं दिसतात, काय बोलली ते दिसत नाही. तुमच्या जाऊबाई आणि दीर दोघंही यावर राजी होतील असं मला वाटतं. पोरीला न सांगता जोडता येत नाही, हे तर उत्तमच.

फुलेवाडीची
हे वाचून जाऊबाईंना पाठवलं. त्यांचं म्हणणं, नावं बघून काय कळणार? दीर म्हणतात, बघ. अजून वाद चालू आहे घरात.

बावड्याची_वकील
वरच्या धमकीच्या प्रकरणावर नीट लिहिते, कारण अशा वेळी घरचे नेमकं उलटं वागतात.

धमकी आली तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणं वाढतं. रागानं चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरच्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक यायला हवी. दाखवायचं नाव तो क्षणात बदलतो. मग खातं रिपोर्ट आणि ब्लॉक.

आता महत्त्वाचं. तो फोटो "बघा हो काय आलंय" म्हणून मामाला, काकाला, शाळेच्या बाईंना पुढं पाठवू नका. १८ खालच्या मुलाचं अश्लील चित्र पुढं पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. भल्या हेतूनं पाठवणारा नातेवाईक फुकट अडकायचा. फोटो फोनमध्येच राहू द्या, पोलिसांना फोनच दाखवा.

तक्रार कुठं? पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, जितका लवकर तितकं पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, तिथं महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मूल घाबरलं असेल, कुणाशी बोलायचं असेल तर १०९८, ही मुलांची हेल्पलाइन. नाहीतर जवळचं पोलीस ठाणं.

इथं बहुतेक आईवडील अडतात: पोलीस दारात आले तर गल्ली बघेल. माझ्याकडं येणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, २०१२ चा, त्यात याची सोय आहे. मुलाचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, तीही उपनिरीक्षक दर्जापेक्षा खालची नको, आणि जबाब घेताना अंगावर वर्दी नको. मुलाला रात्री ठाण्यात थांबवायचं नाही. नाव, पत्ता, शाळा, फोटो माध्यमांत छापायला मनाई. कुणी वर्दीत येतो म्हणालं तर शांतपणे हे कलम सांगा, कलम २४.

आणि शाळेला कळलं तर "आपल्यातच मिटवू, शाळेचं नाव जाईल" हे चालत नाही. पॉक्सोखालचा गुन्हा माहीत असून न कळवणं हाच वेगळा गुन्हा आहे.

फोटो पसरायची भीती असेल तर अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची 'टेक इट डाउन' म्हणून फुकट सेवा आहे. आपला फोटो त्यांच्याकडं जात नाही. फोनवरच त्या फोटोचा एक सांकेतिक आकडा तयार होतो, तेवढा जातो, आणि त्यावरनं फेसबुक-इन्स्टासारखी सहभागी ठिकाणं तो फोटो ओळखून अडवतात.

स्पष्ट_बोलतो
वकीलबाई, वर्दीचं माहीत नव्हतं. चांगलं लिहिलंत.

गुळाची_ढेप
अवांतर वाटेल, पण आपण मोठेच काय काय पसरवतो बघा. पोराचा वाढदिवस म्हणून चौकात डिजिटल फलक: शाळेच्या गणवेशातला फोटो, खाली पूर्ण नाव, गल्ली, मंडळ, शुभेच्छुकांत बापाचा मोबाईल नंबर. मग त्याच फलकाचा फोटो स्टेटसला आणि फेसबुकला, सगळ्यांना दिसेल असा. अनोळखी माणसाला पोराशी ओळख काढायला आणखी काय लागतं? "मी तुझ्या पप्पांच्या मंडळातला" एवढं म्हटलं की झालं.
फलक लावा, कोल्हापूर आहे, न लावून कसं चालेल? गणवेश आणि नंबर तेवढा गाळा.

तिकटीवरचा
मंडळाच्या पोरांना हे सांगणार कोण? मीच लावतो ते फलक. बरं, नंबर गाळतो इथून पुढं.

फुलेवाडीची
सगळ्यांचे आभार. राऊटरचं झालं, क्लीनब्राउझिंग टाकलं. साबुंच्या अंगठ्याचा ठसा पहिल्या झटक्यात लागला, करंगळीपर्यंत जावं लागलं नाही. बापूकाकांचा प्रतिसाद नवऱ्यानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, ते म्हणाले, "ह्या माणसाचा नंबर दे."

पुतणीची जन्मतारीख बघितली. इन्स्टाच्या हिशेबानं ती बावीस वर्षांची आहे. तिनं स्वतःच दाखवली, हसत होती. दुरुस्त करायला तयार आहे, पण तिची अट अशी की आईनं रोजची तपासणी बंद करायची. जाऊबाईंनी उत्तर दिलेलं नाही.

एक राहिलं. धाकटा आता हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब लावतो, टीव्ही साबांच्या खात्यावर आहे. त्याचं काय?

राऊटर_रिपेअर
क्लीनब्राउझिंग टाकलंय म्हणजे टीव्हीवरही रिस्ट्रिक्टेड मोड लागला असेल, कारण टीव्ही वायफायवरच आहे. खात्री करा: टीव्हीच्या यूट्यूबचं सेटिंग उघडून तो मोड चालू दिसतोय का बघा. त्यानं कमेंट जातात आणि बरंच भडक गाळलं जातं, सगळं नाही. साबांना कुठला कार्यक्रम सापडेना झाला तर कारण हेच, टीव्ही बिघडला म्हणून माणूस बोलावू नका. धाकट्याचं देखरेखीचं खातं टीव्हीवर दुसरं प्रोफाइल म्हणून जोडा. सुरू करताना कोण बघतंय ते विचारतं, त्यात तो साबांचं नाव निवडेल हे धरून चाला, म्हणून साबांच्या प्रोफाइलला लॉक लावता येतंय का ते आधी शोधा. टीव्हीचं मॉडेल इथं टाका, कुठं सापडेल ते सांगतो.